दोन व्याही आणि एक जोडसायकल

मिरजेला परतल्यापासून घरी जो येतो तो नायगराबद्दल विचारतो. नायगरा आम्ही पाहिला नाही. जायचं ठरलं होतं, तेवढ्यात मुलीला दिवस गेल्याचं कळलं, डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि बेत कॅन्सल झाला. त्याऐवजी मी जे पाहिलं त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून लिहितो आहे.

२००६च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. आमच्या मेघनाकडे शॉमबर्गला गेलो होतो. हे गाव शिकागोच्या बाहेर आहे. मोठमोठी ऑफिसं, त्याहून मोठी पार्किंगची मैदानं, मध्ये मध्ये मुद्दाम खोदलेली तळी आणि तळ्याकाठी माणसाला न घाबरणारी बदकं. रस्त्यानं चालणारं कुणी नाही. मी सकाळी फिरायला निघालो की एखादी गाडी हळू व्हायची आणि आतली बाई विचारायची, की तुमची गाडी बंद पडली का. टपाल खात्यात मी पोस्टमन म्हणून लागलो आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. आयुष्य सायकलवर आणि पायी गेलं. पाय वापरणाऱ्या माणसाची लोकांना काळजी वाटावी, हे मला नवीन होतं.

त्याच घरात माझे व्याही मनोहरराव राहायला होते. नागपूरचे, पाटबंधाऱ्याचे निवृत्त कार्यकारी अभियंता, उंच, धिप्पाड, बोलणं मोजकं. त्यांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या. मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमच्यात ‘प्रकृती कशी’, ‘बरी आहे’ यापलीकडे संभाषण गेलेलं नव्हतं. मी मुलीचा बाप. सोफ्यावर ते बसले की मी खुर्चीवर, ते उठले की मीही उठणार. रोज सकाळी चहाचा पहिला कप एकमेकांकडे सरकवण्यात तो थंड व्हायचा. मेघना मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणायची आणि आम्ही तो पुन्हा सरकवायचो.

जावईबापू निखिल यांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी दोघांचं सायकल टूरचं बुकिंग केलं होतं. नाव, ‘फ्रेंच कंट्रीसाइडमधला एक दिवस’. फ्रान्सशी संबंध एवढाच, की इलिनॉयच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या काठी, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोक येऊन राहिले होते आणि त्यांच्या गावांची नावं अजून तशीच आहेत. मेघनाला आता सायकल बंद. पैसे परत मिळणार नव्हते. निखिल म्हणाले, “बाबा, तुम्ही दोघे जा ना. मस्त चेंज होईल.”

मी मनोहररावांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणण्याचा मान आधी कुणाचा, हे ठरेना. त्यात होकार झाला.

जायच्या आदल्या दिवशी मेघना मला कपड्यांच्या मशीनपाशी घेऊन गेली आणि दार लोटलं.

“बाबा, एक काम कराल? आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. परत नाही जाणार. हे निखिलच्या बाबांना सांगाल?”

“निखिलरावांनी सांगावं की.”

“तो तीन महिने ट्राय करतोय. समोर बसतो आणि क्रिकेटवर येतो. त्यांनी नागपूरला आमच्यासाठी वरचा मजला बांधलाय, तुम्हाला माहीत आहे. पूर्वी फोनवर सारखं सांगायचे, फरशी बसली, रंग झाला. इथं आल्यापासून त्यांनी त्या मजल्याचं नावही काढलेलं नाही. मनाला लावून घेतलंय त्यांनी. तुमचं ते ऐकतील.”

मुलीकडच्यानं मुलाच्या बापाला सांगायचं, की तुमचा मुलगा आता तुमच्याकडे येणार नाही. मी म्हटलं, बघतो. पोस्टमन असताना लोकांच्या दारात वाईट बातमीच्या तारा दिल्या, पण तेव्हा सही घेऊन पुढं निघता यायचं.

नदीच्या अलीकडे

शुक्रवारी टूरच्या व्हॅननं आम्हाला दक्षिणेला नेलं. वाटेत सहा तास मका होता, त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. शनिवारी सकाळी प्रेअरी डू रोशर नावाच्या गावात चर्चसमोर सगळे जमलो. एका बाजूला पांढऱ्या दगडाचे उंच कडे, दुसऱ्या बाजूला नदीपर्यंत सपाट शेतं. आम्ही दहा जण होतो. बाकीचे आठ अमेरिकन, सगळे साठीच्या आसपासचे, अंगाला घट्ट बसणाऱ्या रंगीत चड्ड्या घातलेले. मी पँटच्या घोट्याला रबरबँड लावले होते. मनोहरराव कोटात होते, हेल्मेटच्या खाली माकडटोपी.

आमची वाटाड्या कॅरल ही शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेली बाई. तिनं सुरुवातीलाच नियम सांगितला. दुपारच्या जेवणापर्यंत इंग्रजी बोलायचं नाही, फक्त फ्रेंच. जो इंग्रजी बोलेल त्यानं सायकलची घंटा तीनदा वाजवायची. दहा जणांत फ्रेंच कुणालाच येत नव्हतं.

मनोहररावांनी मला मराठीत विचारलं, “ही काय म्हणून राहिली?”

कॅरलनं कान टवकारले. ही कोणती भाषा, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, इंग्रजी नाही ना, मग चालेल. एवढं इंग्रजीत बोलल्याबद्दल तिनं स्वतःची घंटा तीनदा वाजवली.

मग सायकली आल्या. बुकिंग नवरा-बायकोचं असल्यामुळे आमच्या वाट्याला एकच सायकल होती, लांबलचक, एकापुढे एक दोन सीटं, दोन हँडलं, चार पेडलं. पुढचं हँडल वळतं, मागचं नुसतं धरायला असतं.

पुढे कोण बसणार? व्याह्यांकडे पाठ करून दिवसभर बसणं मला शोभणारं नव्हतं. त्यांना पुढं बसवून ओढायला लावणंही बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, “आपण पुढं बसा.” ते म्हणाले, “नाही जी, तुम्ही.” चार वेळा झालं. बाकीची मंडळी पाय टेकून उभी राहिली. शेवटी मनोहररावांनी माझा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बसा म्हणतो ना मी.” एवढ्या मोठ्या माणसानं मान सोडून मागं बसावं याचं मला भरून आलं. खरं कारण मला दोन तासांनी कळलं.

निघालो. सप्टेंबर लागला होता, मका वाळून तांबूस झाला होता, सोयाबीन पिवळं पडत होतं. आपल्याकडे एवढ्या शेतात निदान वीस माणसं दिसली असती, इथं एकही नाही. सायकल मात्र भलतीच जड चालत होती. मागची पेडलं फिरताना माझ्या पायाला जाणवत होती, त्यामुळे मला वाटलं वारा समोरचा असेल.

“थांबा जरा,” मागून आवाज आला. मी थांबलो. मनोहररावांनी कॅमेरा काढला आणि एका फ्रेंच नावाच्या पाटीजवळ जाऊन उभे राहिले. “घ्या माझा एक. पण मागचा झेंडा येऊ देऊ नका.”

पाटीमागच्या घरावर अमेरिकेचा झेंडा होता. मी कारण विचारलं. ते थोडे घुटमळले. फोनवर त्यांच्या पुतणीनं ‘फ्रेंच’ एवढंच ऐकलं होतं. तिनं कॉलनीत सांगितलं. आता नागपूरला त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, की आपले सदस्य फ्रान्सच्या दौऱ्यावर आहेत.

“मग सांगून टाकायचं, फ्रान्स नाही म्हणून.”

“नारळ दिला जी त्यांनी पुतणीच्या हातात. घरी आणून ठेवला तिनं.”

त्यानंतर आम्ही प्रत्येक मैलाला थांबत गेलो. फ्रेंच नाव हवं आणि झेंडा नको, अशी जागा त्या भागात मिळणं कठीण आहे. लोक अंगणात, टपालपेटीवर, ट्रॅक्टरवर, एका ठिकाणी तर कुत्र्याच्या घरावरही झेंडा लावतात.

त्या घरातलं कुत्रं सैल सुटलेलं होतं.

ते सरळ आमच्यामागे लागलं. पोस्टमनला कुत्र्याचं नवल नाही, पण तेव्हा सायकल हलकी असायची. मी ओरडलो, “पाय मारा!”

“मारून राहिलो,” मनोहरराव म्हणाले.

मी मान वळवून पाहिलं. त्यांनी दोन्ही पाय उचलून माझ्या सीटखालच्या दांडीवर ठेवले होते आणि डोळे मिटले होते. त्यांची पेडलं माझ्या पेडलांबरोबर आपोआप फिरत होती. कुत्रं आमच्या शेजारून धावता धावता त्या फिरणाऱ्या रिकाम्या पेडलांकडे पाहत होतं. शेवटी त्याचाच उत्साह संपला आणि ते परत गेलं.

मी सायकल थांबवली. दम खाऊन म्हटलं, “व्याहीबुवा, आपल्याला सायकल येते ना?”

त्यांनी हेल्मेटखालची माकडटोपी सारखी केली. “नाही येत. लहानपणी वडिलांनी शिकू दिली नाही, पडशील म्हणून. मग कॉलेजात लाज वाटायची. नोकरीत जीप होती.”

“मग निखिलरावांना सांगायचं.”

“त्याला कसं सांगू? त्याला मी शिकवली आहे सायकल. मागून सीट धरून पळालो नुसता.”

मला हसू आवरेना. ते आधी रागानं पाहत राहिले आणि मग त्यांनाही हसू फुटलं. सहा वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो.

तेवढ्यात आमच्या गटातला बॉब मागून आला. शेतीची यंत्रं विकणारा, पहाडासारखा माणूस. सकाळपासून घंटा वाजवून वाजवून तो कंटाळला होता. आमच्याजवळ राहून एखादा मराठी शब्द उचलला तर नियम मोडत नाही, असा त्याचा हिशेब. आम्ही एकमेकांना सारखं ‘अहो’ म्हणतो हे त्यानं ऐकलं होतं. त्यानं मोठ्यानं “अहो” म्हटलं, पाण्याची बाटली पुढं केली आणि खुशीत पुढं गेला. जरा वेळानं त्याची बायको लिंडा त्याला हाका मारू लागली, “अहो! अहो!” मी इतका चकित झालो की हँडल जवळजवळ मक्यात गेलं. इलिनॉयच्या रानात एक अमेरिकन बाई नवऱ्याला अहो म्हणते आहे, हे मी मिरजेत सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही.

नदीच्या पलीकडे

मिसिसिपी ओलांडायला एक लहान तराफ्यासारखी फेरी आहे. आठ-दहा गाड्या मावतात. दहा मिनिटांत मिसुरी राज्यात उतरता. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, पात्र केवढं तरी रुंद. मनोहरराव कठड्याला टेकून काठचा बंधारा पाहत होते. मातीचा भराव, उतार, गवत, सगळ्याबद्दल ते मला सांगत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आत्ता सांगावं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की तोंड उघडलं नाही.

सेंट जेनेव्हीव्ह हे पलीकडचं गाव टुमदार आहे. जुन्या फ्रेंच घरांच्या भिंती उभे ओंडके एकाशेजारी एक रोवून केलेल्या. भोवती रुंद ओसऱ्या. आपल्या कोकणातल्या पडवीची आठवण होते. एका ओसरीवर कॅरलनं फ्रेंच जेवण मांडलं. हातभर लांब पाव, तो तोडायला बॉबला गुडघा लावावा लागला. वास येणारं चीज. काळीज वाटून केलेला एक लगदा, तो आम्ही नम्रपणे पुढं सरकवला. मग मी मेघनानं दिलेला डबा उघडला, मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी. कॅरल म्हणाली, हे अगदी फ्रेंच क्रेप आहेत, म्हणजे त्यांच्याकडची पातळ धिरडी. दोन खाल्ले तिनं. बॉबनं चटणी चीज समजून बोटभर उचलून तोंडात टाकली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण इंग्रजी बोलायची बंदी अजून उठली नव्हती. तो नुसता “अहो, अहो” म्हणत राहिला.

जेवणानंतर रस्ता डोंगराला लागला. बाकीची मंडळी पुढं निघून गेली. पहिला चढ आम्ही उतरून ढकलत चढलो. माथ्यावरून पुढं लांब, सौम्य उतार होता, दोन्ही बाजूंनी सोयाबीन. सायकल आपोआप चालू लागली, पाय मारायचं काम नाही. माझी पाठ त्यांच्याकडे होती. त्यांचा चेहरा मला दिसणार नाही, माझा त्यांना दिसणार नाही. मी ठरवलं, आत्ताच.

“व्याहीबुवा,” मी समोर रस्त्याकडे पाहत म्हणालो, “मुलं परत येणार नाहीत. इथंच राहायचं ठरवलंय त्यांनी. निखिलरावांना तुम्हाला सांगवत नाही. आपण वरचा मजला एवढ्या हौसेनं बांधलात...”

“काय?”

“परत येणार नाहीत.”

त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले. चालत्या सायकलवर बसून कुणी असं करू नये. सायकल आडवी झाली. मी हँडलवरून सोयाबीनमध्ये गेलो, ते माझ्यावर आले आणि सायकल आमच्या दोघांवर. माझा कोपर सोलवटला, त्यांच्या कोटाची बाही खांद्यातून उसवली. सोयाबीनचं खोड टोचरं असतं, हे तिथं कळलं.

“लागलं का तुम्हाला?” मी विचारलं.

ते चिखलात बसून समोर पाहत होते, खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. मी घाबरलो. म्हटलं, “मला सांगायला नको होतं. मुलीकडचा माणूस मी, माझ्या तोंडी हे...”

“देऊन टाकला जी मी तो.”

“काय दिलं?”

“वरचा मजला. भाड्यानं, दातांच्या डॉक्टरीणबाईला. फेब्रुवारीतच.”

मला कळेना. ते कोटाच्या बाहीनं तोंड पुसत सांगू लागले. “निखिलच्या बेडरूममध्ये तिची खुर्ची आहे. ती वरखाली होणारी, पेशंटची. बोल्ट मारून फरशीत पक्की बसवली. काढायची म्हटली तर फरशी निघेल सगळी. चार महिन्यांपासून मी इथं बसून भिऊन राहिलो, की आज पोरगं म्हणेल, बाबा, आम्ही परत येतो. मग यांना ठेवू कुठं?”

“म्हणून आपण मजल्याचं नाव काढत नव्हता?”

“तुम्हालाच सांगणार होतो, तुम्ही मेघनाला सांगा म्हणून. मुलीचे वडील आहात, तुमचं ती ऐकेल. फेरीत सांगणारच होतो, पण बंधारा निघाला मध्येच.”

आम्ही तसेच शेतात बसून राहिलो. मी विचारलं, एवढी घाई का केली द्यायची. ते वाळलेली शेंग सोलत होते.

“ही गेल्यावर दोन वर्षं मी रोज संध्याकाळी वर जायचो. दिवे लावायचे, नळ सोडून पाहायचे, गाद्या उलटवायच्या. कोणी यायचंच आहे म्हणून. एक दिवस जिना उतरताना वाटलं, हे काय करून राहिलो मी? आता दिवसभर वर कोणीतरी ओरडते. पोट्टे रडतात, बायका भांडतात नंबरावरून. खाली मी पेपर वाचतो. बरं वाटते.”

मी त्यांच्या टोपीतली पानं काढली. त्यांनी माझ्या कोपराला स्वतःचा रुमाल बांधला. गाठ इतकी घट्ट मारली की रात्री सोडवायला कात्री लागली.

सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. सरळ जायचं तर ते डावीकडे धरावं लागे. मी म्हटलं, ढकलत नेऊ. मनोहरराव म्हणाले, “मला दाखवा, पाय कसे मारतात.”

मी त्यांना दाखवलं. पहिल्यांदा ते उलटे फिरवू लागले. दुसऱ्यांदा माझ्या आधी जोर लावला. तिसऱ्यांदा आम्ही निघालो आणि सबंध दिवसात पहिल्यांदा माझ्या मांड्यांवरचं ओझं कमी झालं. आठ मैल आम्ही तसे आलो. मधून मधून मागून आवाज येई, “बरोबर आहे ना जी?” मी म्हणे, बरोबर आहे. आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता आणि कॅरल आम्हाला शोधायला निघायच्या तयारीत होती. चिखलानं माखलेले, एकाची बाही फाटलेली, एकाच्या हाताला रुमाल. बॉबनं उठून आम्हाला खुर्च्या दिल्या. आधी कोण बसणार यावर त्या दिवशी वाद झाला नाही.

शॉमबर्ग, रविवार

दुपारी घरी पोचलो तेव्हा पानं मांडलेली होती. सौ.नं कोपर पाहिला, मनोहररावांची बाही पाहिली आणि वरण वाढलं. मेघना मला डोळ्यांनी विचारत होती, झालं का. निखिल ताटाकडे पाहत होते.

मनोहररावांनी वरणभात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाले, “निखिल, तुम्ही इथंच राहता आहात, ते चांगलं केलं. आणि वरचा मजला मी दातांच्या डॉक्टरला दिलेला आहे.”

मला वाटलं होतं, जावईबापूंचं ओझं उतरेल. हसतील, वडिलांच्या पाया पडतील. निखिल यांचा घास हातातच राहिला.

“कुठली खोली?”

“दोन्ही. तुझ्या खोलीत खुर्ची आहे तिची.”

“माझ्या खोलीत?” आवाज एकदम बारीक झाला. “बाबा, तिथं माझं जुनं कपाट ठेवलं होतं.”

“कपाट आहे ना. कवळ्या ठेवते त्यात ती.”

निखिल उठले, बाल्कनीचं दार सरकवून बाहेर गेले आणि खालच्या तळ्याकडे पाहत उभे राहिले. मेघना त्यांच्यामागे जायला निघाली, तिला सौ.नं हात धरून बसवलं. मनोहरराव जेवत राहिले, पण भात तोच तोच कालवत होते. मी त्यांच्या वाटीत ताक ओतलं, तेही त्यांना कळलं नाही.

पाच-सात मिनिटांनी दार सरकलं. निखिल आत आले, खुर्ची ओढून पुन्हा वडिलांसमोर बसले. थोडा वेळ पापड मोडत राहिले.

“आम्ही सुट्टीत यायचो तेव्हा वर पाणी चढायचं नाही ना कधी,” ते म्हणाले. “तिला तर दिवसभर पाणी लागत असेल.”

“पंप बसवला,” मनोहरराव म्हणाले. “दीड अश्वशक्तीचा.”

“आवाज करतो का फार?”

“करतो थोडा.”

“खाली रबराची पॅड लावून घ्या, बाबा. मी इथून पाठवतो,” निखिल म्हणाले आणि भात मागून घेतला.